साडेतीन किलो

गल्लीत त्याला सगळे काटेवाला म्हणत. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे वजनकाटे उघडायचे, दुरुस्त करायचे, तपासायचे आणि बरोबर असल्याचा शिक्का लावायचा, हा त्याचा धंदा. एकोणीस वर्षांत त्याच्या शिक्क्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. एखादा दुकानदार गोडगोड बोलून म्हणालाच, की जरा पन्नास ग्रॅम इकडेतिकडे करून द्या ना, तर हा त्याला तोंडावर सांगायचा, "दुसरीकडे जा. असली कामं मी करत नाही." अशा माणसाने स्वतःच्या घरातला, स्वतःच्या बायकोचा काटा खोटा केला होता आणि गेले सात आठवडे तो भीतीने अर्धा झाला होता. वजन उतरायला हवं होतं बायकोचं आणि उतरत होतं याचं.

झालं ते असं. लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात मूल नाही. बरीच वर्षं दोघांनी आज ना उद्या म्हणून काढली. मग शेवटी धीर करून वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई फटकळ होत्या, पण मनाच्या चांगल्या. त्यांनी सगळे रिपोर्ट बघितले आणि म्हणाल्या, "उपचार करू. पण आधी शरीर तयार करायचं. चार महिने. दोघांनीही."

दोघांना एकेक कागद मिळाला. त्याच्या कागदावर पाच ओळी होत्या. सिगरेट बंद, दारू बंद, घट्ट कपडे बंद, खूप गरम पाण्याने आंघोळ बंद, मोबाइल पँटच्या खिशात ठेवणं बंद. बायकोने तो कागद घरी येईपर्यंत तीनदा मोठ्याने वाचला आणि तिन्ही वेळा घट्ट कपड्यांपाशी येऊन हसली. "अहो, तुमच्या त्या जुन्या पँटीचं आता काय करायचं? फ्रेम करून लावू या का?" तो खोटंखोटं रागावला. त्याच दिवशी त्याने सिगरेटचं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि पुन्हा हात लावला नाही, एवढं मात्र त्याच्या खात्यात मांडायला हवं.

तिचा कागद दोन पानी होता. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी. चहा दिवसाला दोनच कप. पाऊण तास भराभर चालणं. दहाला झोप. गोड बंद, तळलेलं बंद. आणि शेवटी पेनने दोन रेघा मारलेली ओळ: वजन त्र्याण्णव आहे, चौऱ्याऐंशीवर आणणे.

"याचं कारण समजून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "बीजं काढताना भूल द्यावी लागते. वजन जास्त असलं की भुलीचा धोका वाढतो, इंजेक्शनं नीट लागू पडत नाहीत. चौऱ्याऐंशीच्या वर असाल तर मी सुरू करणार नाही, मग तुम्ही कितीही रडा. आणि आमचा नियम आहे, चाळिशी पूर्ण झाली की स्वतःच्या बीजांवरचा उपचार आम्ही सुरू करत नाही. तुमच्याकडे वेळ थोडा आहे."

चार महिन्यांनंतरचा एक गुरुवार ठरला. त्या गुरुवारनंतर सात आठवड्यांनी तिला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती.

बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होती. साठ-साठ थर कापड एकावर एक अंथरायचं आणि खडूच्या रेघेवरून विजेच्या पात्याने कापत जायचं. रेघ सोडली तर साठ सदरे वाया. अशा कामातली बाई, तिने हा दोन पानी कागदही रेघेवरून कापायला घेतला. स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलं. दर सोमवारी सकाळी गोळी घेऊन, काही न खाता, काट्यावर उभी राहायची, आकडा कॅलेंडरवर लिहायची आणि केंद्रातल्या सिस्टरना फोन करून कळवायची. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, दर आठवड्याला जाणं जमणारं नव्हतं, म्हणून फोनवर ठरलं होतं. काटा घरचाच. गोल तबकडीचा, लाल सुईचा, नवऱ्याने एका मोडीतून उचलून स्वतःच्या हाताने नीट केलेला. सिस्टरना तिने अभिमानाने सांगितलं होतं, "आमच्या काट्याची काळजी करू नका. आमचे हे काटेवाले आहेत."

पहिल्या सहा आठवड्यांत चार किलो उतरले. एकोणनव्वद. आणि तिथे सुई जी रुतून बसली ती हलेना. एक सोमवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चालणं तेवढंच, खाणं मोजून मापून, तरी एकोणनव्वद. ती काट्यावरून उतरायची आणि पुन्हा चढायची. "अहो, जरा बघा ना, सुई कुठे अडकत तर नाही?"

त्याने दुकानातून वजनं आणून काटा तिच्यासमोर तपासला. काटा अगदी बरोबर होता. "बरोबर आहे गं," तो म्हणाला आणि तिचा पडलेला चेहरा बघून त्याला वाटलं, आपण बोललोच नसतो तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिचं खाणं कमी व्हायला लागलं. आधी पाव गेला, मग अंडं गेलं, मग रात्रीचं सूप तेवढं उरलं. "भूकच नाही," म्हणायची. डब्यातलं जेवण तसंच परत यायचं आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती डबा स्वतः घासायची. तिला भीती बसली होती. ती भीती तोंडाने बोलत नव्हती, पण घरात ती आता तिसऱ्या माणसासारखी वावरत होती. जेवायला बसलं की आधी तीच ताटाशी येऊन बसायची.

आणि एका बुधवारी दुपारी कारखान्यातल्या मोठ्या बाईंचा फोन आला. "ताबडतोब या. तुमच्या मिसेस पडल्यात."

तो धावत पोचला तेव्हा बायको कापडाच्या गठ्ठ्याला टेकून जमिनीवर बसली होती. चेहरा पांढराफटक, हातात साखरपाण्याचा पेला. मोठ्या बाईंनी त्याला बाजूला, कापायच्या टेबलापाशी नेलं. "चक्कर आली आणि टेबलावर आडवी झाली. मशीन चालू होतं. पातं इथे होतं आणि हात इथे." त्यांनी टेबलावर चार बोटं आडवी ठेवली. "चार बोटं. हवं तर मोजून घ्या. आणि घरी सांगा हिला, काहीतरी खात जा म्हणावं."

संध्याकाळी त्याने तिच्यापुढे ताट ठेवलं, गयावया केली, शेवटी ओरडलाही. ती एकच म्हणाली, "सोमवारी आकडा खाली आला की जेवीन. शपथ." गुरुवारी तसंच, शुक्रवारी तसंच. शनिवारी ती भिंतीला धरून उठली.

रविवारी सकाळी ती चालायला गेली, तेवढ्यात त्याने काटा उलटा करून खालचं झाकण काढलं. आत एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की रिकाम्या काट्याचं शून्य शून्यावरच राहतं, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही, पण वर माणूस उभं राहिलं की सुई थोडी अलीकडे थांबते. रद्दी-भंगार विकत घेणाऱ्या बदमाशांना हेच करून हवं असतं. त्याने स्क्रू अगदी थोडा फिरवला, एक किलोपुरता. झाकण लावलं, हात धुतले, पुन्हा धुतले.

सोमवारी सुई अठ्ठ्याऐंशीवर थांबली. बायकोने दोन्ही हात तोंडावर धरले आणि मग त्याच्या गळ्यातच पडली. त्या सकाळी तिने दोन अंडी खाल्ली, पाव खाल्ला, एक संत्रं खाल्लं आणि डबा भरून नेला. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने स्वतःला बजावलं, हे एकदाच. पुन्हा नाही.

पण पुढच्या सोमवारी तो काय करणार होता? स्क्रू परत फिरवावा तर सुई एकदम एक किलो पुढे जाणार. आहे तसा ठेवावा तर ती पुन्हा एकाच आकड्यावर अडकणार आणि ताट पुन्हा बाजूला सारणार. त्याने एक सोमवार कसाबसा ढकलला. तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी झाकण पुन्हा निघालं. मग चौथ्याच्याही, आणि पुढेही. सातवा सोमवार उजाडला तेव्हा सुई चौऱ्याऐंशीवर होती आणि बायको खरी साडेसत्त्याऐंशी किलोंची होती. साडेतीन किलोंचं अंतर. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या काट्यातला पाच ग्रॅमचा फरक याला झोपू देत नसे.

या सात आठवड्यांत त्याने जी भीती खाल्ली ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. सोमवारी ती फोनवर सिस्टरना आकडा सांगायची आणि पलीकडून शाबासकी ऐकू यायची, तेव्हा तो चहाच्या भांड्यात डोळे घालून उभा असायचा. एकदा ती कमरेला टेप लावून म्हणाली, "अहो, कमाल आहे. वजन एवढं उतरलं आणि कंबर जेमतेम बोटभर. असं कसं?" कटर बाई ती, टेप तिला काय फसवणार! "चालण्याने अंग घट्ट होतं गं. स्नायू जड असतात," त्याने ठोकून दिलं. ती "असेल" म्हणाली, पण टेप गुंडाळताना एकदा त्याच्याकडे बघून घेतलं.

औषधाच्या दुकानाबाहेर वजनाचं यंत्र होतं. फिरायला गेलं की तो काहीतरी निमित्त काढून तो रस्ता टाळायचा. एका संध्याकाळी मात्र ती हट्टाने तिकडूनच वळली आणि यंत्राशी थांबली. "चला, गंमत म्हणून चढते."

"बुटांसकट? बुटांसकट कोणी वजन करतं का?"

"मग बूट काढते."

"रस्त्यात? लोक काय म्हणतील? आणि ही यंत्रं काय, वाट्टेल ते दाखवतात."

ती खाली वाकून बघत म्हणाली, "अहो, याच्यावर तर तुमचाच शिक्का आहे की!"

काय बोलला ते त्याचं त्यालाच नंतर आठवेना, पण तिचा दंड धरून त्याने तिला तिथून जवळजवळ ओढतच नेलं.

गुरुवार जसजसा जवळ आला तसतसं त्याने मनातल्या मनात बोलायचं घोकायला सुरुवात केली. केंद्रातल्या काट्यावर सुई साडेसत्त्याऐंशीवर गेली की आपण म्हणायचं, काट्याकाट्यात फरक असतोच. हे वाक्य चोर दुकानदार म्हणतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि पुढे? डॉक्टरीणबाई 'नाही' म्हणणार. बायकोला वाटणार, आपण जिंकून आलो होतो आणि दारातून हाकललं. ती पुन्हा जेवायची थांबेल, पुन्हा त्या पात्याशी उभी राहील, आणि वाढदिवस तर धावत येतोच आहे.

गुरुवारला नऊ दिवस उरले होते. मंगळवारी सकाळी दुकानासमोर गाडी थांबली आणि त्या केंद्रातल्या मावशी उतरल्या. सफाईपासून पेशंटला धीर देण्यापर्यंत सगळं त्याच बघत. ड्रायव्हरने मागून त्यांचा वजनकाटा उतरवून टेबलावर ठेवला. "वर्षाची तपासणी राहिलीय म्हणे. आजच करून द्या. मी बसते इथे."

काट्याकडे बघूनच त्याने ओळखलं. चार महिन्यांपूर्वी बायको याच काट्यावर उभी राहिली होती आणि सिस्टरनी याच्यावर वाचून त्र्याण्णव लिहिलं होतं. शहरात दुसरा तपासणारा नव्हता, त्यामुळे काटा त्याच्याकडे येणार हे खरं तर ठरलेलंच. त्याच्या मात्र ते ध्यानीमनी नव्हतं.

त्याने मावशींना स्टूल दिलं, चहा मागवला. काटा उघडला. हा आकड्यांचा काटा, यात स्क्रू नाही. यावर शंभर किलोंची खरी वजनं ठेवायची आणि यंत्राला सांगायचं, की हे शंभर. यंत्र ते प्रमाण मानतं आणि पुढे वर्षभर त्याच हिशोबाने बोलतं. त्याने वीस-वीस किलोंची पाच वजनं वर चढवली. यंत्राने विचारलं, किती?

साडेसत्त्याऐंशीचे चौऱ्याऐंशी व्हायला हवेत. म्हणजे शंभराचे शहाण्णव. हिशोब त्याने केला नाही, तो आपोआप झाला. त्याचं बोट आधी नवावर गेलं, मग सहावर गेलं. पडद्यावर शहाण्णव आलं. आता एक बटण दाबायचं. वर त्याचा शिक्का लागणार आणि त्याच्या शिक्क्यावर कोण बोट ठेवणार होतं?

"नीट करा हो," मावशी चहा फुंकत म्हणाल्या. "सगळं याच्यावरच आहे आमचं. भूल देणाऱ्या बाई आधी वजन विचारतात, मगच औषध भरतात. मागे एकदा घाईत कोणीतरी एका मुलीचं वजन कमी सांगितलं. भूल अपुरी पडली. पोरगी मध्येच जागी झाली हो. टेबलावर. जी ओरडली, बाई गं, अजून माझ्या कानात आहे ते."

त्याचं बोट बटणावरच होतं. ते तिथून निघेना. दुसऱ्या हाताने त्याने तो हात बाजूला केला. शहाण्णव पुसलं. शंभर टाकलं. बटण दाबलं. मग वजनं उतरवून, पुन्हा चढवून, चारदा तपासलं.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मावशींनी विचारलं.

"उन्हातून आलोय," तो म्हणाला. तो सकाळपासून दुकानातच होता.

मावशी गेल्यावर त्याने दुकान बंद केलं आणि घरी येऊन स्वयंपाकघरात बसून राहिला. पाच वाजता बायको आली. खुशीत होती. पर्स ठेवता ठेवताच म्हणाली, "आज मंगळवार आहे, ठाऊक आहे मला. पण कालचं चौऱ्याऐंशी खरं वाटतच नाहीये. एकदा चढून बघते." आणि तिने चपला काढल्या.

"थांब. त्याच्यावर उभी राहू नकोस."

"का हो?"

"तो खोटा आहे. मी केलाय."

तिला आधी कळलंच नाही. ती हसली. मग त्याचा चेहरा बघितला आणि हसू जागच्या जागी विरलं. ती सावकाश खुर्चीवर बसली.

"किती?"

"साडेतीन किलो."

"कधीपासून?"

"तू पडलीस ना कारखान्यात, त्या आठवड्यापासून."

ती ओरडेल, काहीतरी फेकेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं. तिने उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पेन्सिल घेतली आणि टेबलाशी ठाण मांडून बसली. "सांगा. एकेक सोमवार सांगा. खरा आकडा."

त्याला प्रत्येक सोमवार पाठ होता. तो सांगत गेला, ती जुना आकडा खोडून नवा लिहीत गेली. चौथ्या सोमवारी पेन्सिल थांबली. "या दिवशी शहाऐंशी होतं. मी आईला फोन करून रडले होते. आनंदाने. खरं किती होतं?"

"साडेअठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे चार आठवड्यांत अर्धा किलो. आणि तू इथे उभा राहून हसलास." लग्नानंतर अकरा वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा तू म्हटलं. "आई फोनवर मला शाबास म्हणत होती आणि तू तिथे, त्या ओट्याशी उभा राहून हसलास."

"तू जेवत नव्हतीस गं. ते पातं चार बोटांवर होतं. मला दुसरं काही सुचलं नाही."

"पातं माझ्या हाताशी होतं ना? मग मला विचारायचंस. भीती मलाही होती. दोघं मिळून भ्यालो असतो."

आता सांगायचंच तर सगळंच सांगावं, म्हणून त्याने सकाळचंही सांगितलं. केंद्राचा काटा, शंभर किलो, शहाण्णव, बटण, मावशींची ती मुलगी. ऐकता ऐकता बायकोच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथे नुसतं भय आलं. तिने दोन्ही हात पोटावर धरले.

"मी जागी झाले असते," ती म्हणाली. "त्या टेबलावर."

"मी पुसलं गं ते. शंभर टाकलं. चारदा तपासलं."

"पण आधी शहाण्णव टाकलंस."

बुधवारी सकाळी तिने त्याच्यासमोरच सिस्टरना फोन लावला. तो दारात उभा होता. आता आपलं नाव निघणार, गावभर होणार, धंदा बसणार, असं त्याच्या मनात येऊन गेलं आणि ते आल्याची त्याला लाजही वाटली.

"सिस्टर, मी सात आठवडे वजन चुकीचं सांगत होते. खरं साडेसत्त्याऐंशी आहे." पलीकडून बरंच काही बोललं गेलं. ती ऐकत राहिली. "नाही, काटा बिघडला नव्हता. आमच्या घरात चुकलं. पुढे काय ते सांगा."

सिस्टरनी तारखेची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी बोलावलं. केंद्राच्या काट्यावर साडेसत्त्याऐंशी आलं, ना दहा ग्रॅम कमी ना जास्त. डॉक्टरीणबाईंनी दोघांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांना खोटं कसं झालं ते कोणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. पुढच्या आठवड्यातली तारीख त्यांनी एका रेघेने खोडली. मग डायरीची पानं उलटत राहिल्या.

"वाढदिवसाच्या आधीचा गुरुवार," त्या शेवटी म्हणाल्या. "आजपासून सात आठवडे. साडेतीन किलो. होण्यासारखं आहे, पण काठावर आहे. त्यानंतर माझ्या हातात काही नाही, हे आत्ताच सांगते." मग त्यांनी सकाळीच घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट उचलला. "हे मात्र सुधारलंय. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सगळं. नीट खाताय, झोपताय असं दिसतं. तेच चालू ठेवा. उपाशी राहून चौऱ्याऐंशी आणलंत तर ते रक्तात दिसतं मला. तेव्हाही परत पाठवीन."

घरी येताना दोघं रस्त्याच्या एकाच कडेने चालत होती, पण ती दोन पावलं पुढे.

रविवारी बायको म्हणाली, "वजनं आणा." त्याने वीस-वीस किलोंची चार वजनं एकेक करून घरी वाहून आणली. स्क्रू त्याने फिरवला, पण वजनं काट्यावर तिने स्वतः चढवली. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. प्रत्येक वेळी खाली बसून तिने सुई बघितली. एकदा उतरवून सगळं पुन्हा करायला लावलं. त्याने निमूटपणे केलं.

सोमवारी सकाळी ती काट्यासमोर उभी राहिली आणि चढेना. "माझ्याने बघवत नाही," ती म्हणाली. "मी डोळे मिटते. तुम्ही वाचा."

ती चढली, एका हाताने दाराची चौकट घट्ट धरून. "चौकट सोड, नाहीतर कमी दाखवेल," तो म्हणाला. तिने ती सोडली. तो खाली बसला. सुई हलत राहिली, मग थांबली. काटा वरून तिरका बघितला तर सुई दोन रेघा अलीकडे दिसते, हे त्याला ठाऊक होतं. जरा मान उंच ठेवली असती तर खोटं न बोलताही गोड काहीतरी वाचता आलं असतं. त्याने गुडघे टेकले, डोळे सुईच्या समोर आणले. सुई सत्त्याऐंशीच्या पुढे गेली होती. अर्ध्याच्याही पुढे.

"सत्त्याऐंशी किलो आठशे," तो म्हणाला. "तीनशे ग्रॅम वाढलंय."

तो तसाच गुडघ्यांवर बसून होता. वर बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

ती खाली उतरली. कॅलेंडरवर आकडा लिहिला, पेन्सिलचं टोक मोडेल इतक्या जोरात. मग टेबलाशी जाऊन बसली, झाकलेली बशी पुढे ओढली आणि अंडं सोलायला घेतलं. टरफल निघेना. डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं आणि तिने ते पुसलं नाही. पहिला घास तिने बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला. अंडं संपलं, पाव संपला, बशीत काही राहिलं नाही.

"तुमचं गार होतंय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "खाऊन घ्या. पुढच्या सोमवारीही तुम्हीच वाचायचंय."